बंगळूरच्या वेशीबाहेरचे मुक्काम

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरांवर, सपाट माळावर एकाएकी उभा राहिलेला, ४,८५१ फूट उंचीचा जो प्रचंड कातळ नंदीदुर्ग या नावाने ओळखला जातो, त्याच्या माथ्यावरून शनिवारच्या पहाटे खाली पाहिले, तर शहराच्या बाजूने येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांची ओळ पायथ्यापर्यंत अखंड लागलेली दिसते. आठवडाभर कचेऱ्यांच्या बंद दालनांत राबलेली माणसे दोन रात्रींच्या वस्तीसाठी लाकडी खोल्या किंवा तंबू आगाऊ राखून ठेवतात, शिधा आणि पांघरुणे बांधतात, झोपेतल्या मुलांना उचलून गाडीत घालतात आणि शहराबाहेर पडतात. हा प्रघात पाहून, तो अलीकडच्या सुबत्तेने आणलेला नवा शौक आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. परंतु या भूमीचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर असे आढळून येते की, ज्या ज्या सत्तेने बंगळुरावर अंमल केला, तिच्या लहानथोर सेवकांनी आणि धन्यांनी शहरापासून दोन मजलांच्या आत आपापल्या परीने मुक्कामाची स्थळे शोधली, आणि त्या मुक्कामांच्या रीतीत त्या त्या काळची समाजव्यवस्था, तिचा दरारा आणि तिचे औदार्य, ही सारी उमटून राहिली. त्या रीतींचा मागोवा घ्यावा, आणि त्यांतून आजच्या प्रवाशाने काय घ्यावे हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बंगळूर हे मुळातच समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर वसलेले शहर आहे. तेथील हवा इतकी समशीतोष्ण की, उन्हाळ्यासाठी आणखी उंचावर जाण्याची निकड तेथील रहिवाशांना मुंबईकराइतकी किंवा नागपूरकराइतकी कधीच भासली नाही. मग बाहेर जाण्याची ओढ लागली ती कशाची? तिचे उत्तर भूगोलात आहे. शहराच्या भोवती, उत्तरेस नंदीची रांग, नैर्ऋत्येस रामनगरचे नग्न कातळ आणि दक्षिणेस कावेरीच्या खोऱ्यापर्यंत उतरत गेलेले रान, असे एक अर्धवर्तुळ आहे. उत्तर पिनाकिनी, दक्षिण पिनाकिनी, पालार आणि अर्कावती या नद्या नंदीच्या आणि तिच्या शेजारच्या डोंगरांच्या परिसरात उगम पावतात. स्वतः बंगळुराला मोठी नदी नाही. त्याची सारी भिस्त मानवनिर्मित तलावांवर राहिली. म्हणून या शहरातला माणूस बाहेर पडला, की तो नकळत नदीच्या उगमाकडे किंवा तिच्या पात्राकडेच चालू लागतो. शहराला पाणी आणि विसावा, ही दोन्ही एकाच दिशेने मिळत आली, ही गोष्ट पुढे वारंवार ध्यानात घ्यावी लागेल.

या परिसरातील सर्वांत जुने पाहुणचाराचे स्थान राजवाडा नसून देवालय होते. नंदीदुर्गाच्या पायथ्याशी भोगनंदीश्वराचे जे विस्तीर्ण मंदिर आहे, त्याची परंपरा नवव्या शतकापर्यंत मागे जाते. तेथील दगडी प्राकार, लांबच लांब ओवऱ्या आणि चारी बाजूंनी पायऱ्यांनी उतरत गेलेली पुष्करणी पाहिली, म्हणजे शेकडो यात्रेकरू येथे रात्रीच्या वस्तीला राहत असतील, हे सांगायला शिलालेखाची गरज उरत नाही. माथ्यावर योगनंदीश्वराचे लहानसे देवालय आहे. पायथ्याशी स्नान, भोजन आणि निद्रा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगराची चढण, हा क्रम राजेरजवाड्यांच्या कितीतरी आधी यात्रेकरूंनी घालून दिला होता; आजचा सूर्योदय पाहायला निघालेला तरुण त्याच क्रमाने चालतो.

मराठी माणसाचा या भूमीशी संबंध शहाजीराजांपासून जडला. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या वंशजांकडून ते शहर घेतले, आणि ते कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर व शिरे या मुलखांसह त्यांच्या जहागिरीत आले. त्या दरबाराचे वैभव जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त वर्णिले आहे, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यामुळे महाराष्ट्राला आपल्या या दूरच्या दालनाची पुन्हा ओळख पटली. जहागीरदाराचे जीवन एका वाड्यात बंदिस्त नसे. वसुलीसाठी, बंदोबस्तासाठी आणि मृगयेसाठी त्याला मुलखात सदैव फिरते राहावे लागे. शहाजीराजांचा अंतही अशाच एका फिरतीत, १६६४ च्या जानेवारीत चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून झाला. त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी १६६९ साली मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. ते देवालय त्या काळी शहराबाहेरच्या रानात होते. आज ते मल्लेश्वरम् या गजबजलेल्या वस्तीच्या ऐन मध्यात आहे. शहराची वेस किती वेगाने पुढे सरकते, याचे याहून स्पष्ट गमक दुसरे नाही, आणि वेशीबाहेरच्या मुक्कामाचा विचार करणाऱ्याने हे सरकणे कधीच दृष्टीआड करू नये.

शहाजीराजांनंतर शंभर वर्षांनी मराठे पुन्हा या मुलखात आले, ते मात्र जहागीरदार म्हणून नव्हे, तर मोहिमेवरच्या फौजेच्या रूपाने. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७० साली तुमकूरच्या वाटेवरील निजगलचा किल्ला घेतला. पुढे टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढताना तिसऱ्या म्हैसूर युद्धात परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा कावेरीपर्यंत पोहोचल्या. तळ ठोकण्याची विद्या मराठ्यांनी किती पूर्णत्वाला नेली होती, हे पाहायचे असेल तर या मोहिमांची साधने वाचावीत. कूच होण्यापूर्वी बिनीवाले पुढे जात. पाणी कोठे, गवत कोठे, जळण किती, जमीन कोरडी की दलदलीची, याचा अंदाज घेऊन ते तळाची जागा मुक्रर करीत, धन्याच्या डेऱ्याच्या जागी निशाण रोवीत, आणि त्या निशाणाच्या अनुरोधाने प्रत्येक सरदाराचा गोट आणि प्रत्येक बाजार आपापल्या ठरलेल्या बाजूस लागे. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा क्रम तपशिलाने नोंदवला आहे. तळ दररोज बदलला तरी त्याची आतील रचना बदलत नसे, त्यामुळे परक्या मुलखातील काळोख्या रात्रीही शिपायाला आपली राहुटी आणि वाण्याला आपले दुकान चुकत नसे.

या व्यवस्थेचे मोल १७९१ च्या मे महिन्यात इंग्रजांना कळून चुकले. लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूर घेऊन टिपूच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणाच्या, तटापर्यंत गेला, अरकेरे येथे लढाईही जिंकला, पण बैल मेले, धान्य संपले, पावसाने वाटा चिखलात गेल्या, आणि शेवटी वेढ्याच्या अवजड तोफा आपल्याच हाताने निकामी करून त्याला माघारी वळावे लागले. त्या उपाशी, खंगलेल्या फौजेला मेलकोट्याच्या बाजूने घोडेस्वारांची एक धूसर रांग येताना दिसली. तिला शत्रू समजून गोळीबाराची तयारी होत असतानाच ती मराठ्यांची फौज आहे, असा उलगडा झाला. त्या फौजेबरोबर एक फिरते नगरच आले होते. तांदूळ आणि डाळ होतीच. पण विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली आणि जडजवाहीर, असा सारा जिन्नस भर मोहिमेत तंबूंच्या रांगांत विकायला मांडलेला इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिला. भाव चढे होते, तरी माल होता, आणि त्या मालाने एक संपूर्ण लष्कर उपासमारीतून वाचले. त्या बाजारात लुटीचाही माल होता, आणि ज्या खेड्यांवरून अशी फौज गेली त्या खेड्यांचे काय झाले असेल, याचे दुःख विसरून या वैभवाचे कौतुक करणे अनुचित ठरेल. तळ उत्तम असणे आणि यजमान भूमी सुखी असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा याच मुलखाने सर्वांत महाग किमतीत शिकवला.

त्याच वर्षीच्या शरदात नंदीदुर्गाचा वेढा पडला. चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगारांनी येथे प्रथम तटबंदी केली होती. हैदर आणि टिपू यांनी ती इतकी बळकट केली की, एका पश्चिम बाजूचा अपवाद सोडला, तर चढून जाण्याजोगी वाटच उरली नाही. टिपू उन्हाळ्यात येथे राहत असे, आणि त्याचे साधेसे निवासस्थान आजही दाखवतात. सप्टेंबर १७९१ मध्ये मेजर गाउडी याने त्या पश्चिमेच्या उतारावर वाट खोदून तोफा वर ओढवल्या आणि तट फोडला. १९ ऑक्टोबरच्या पहाटे, लख्ख चांदण्यात, जनरल मेडोज याच्या हुकमतीखाली हल्ला झाला. वरून गडगडत येणाऱ्या शिळांनी बंदुकांपेक्षा अधिक माणसे जायबंदी केली, तरी किल्ला पडला. आज जेथे लोक निवांतपणे धुके पाहत बसतात, तेथे एका रात्री माणसे दगडांखाली चिरडली गेली होती. हे जाणून घेतल्याने तेथील सौंदर्य तिळभरही कमी होत नाही. त्याला गांभीर्य मात्र येते.

युद्धे संपल्यावर मुक्कामाची रीत पालटली. १८३१ साली म्हैसूरचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला, आणि १८३४ पासून १८६१ पर्यंत सर मार्क कब्बन हा कमिशनर राहिला. राज्याचे दफ्तर म्हैसुराहून बंगळुरास आले, आणि कमिशनरसाहेब उन्हाळ्यात नंदीदुर्गावर राहू लागले. तेथे त्यांनी बांधलेला ऐसपैस बंगला आजही उभा आहे. याच कारकिर्दीत सुमारे सोळाशे मैल सडक आणि तीनशेहून अधिक पूल बांधले गेले, आणि त्या सडकांच्या काठी, एका दिवसाच्या मजलीच्या अंतराने, मुसाफिर बंगले उभे राहिले. आजच्या लाकडी खोलीचा खरा पूर्वज म्हणजे हा मुसाफिर बंगला.

त्याची घडण ठरीव असे. उंच जोत्यावर कौलारू छप्पर, समोर रुंद ओसरी, आत दोन किंवा तीन खोल्या, प्रत्येक खोलीला मागच्या बाजूस न्हाणीघर, आणि त्या न्हाणीघराला बाहेरून उघडणारे एक दार, ज्यातून पाणक्याने घागर आत आणून ठेवावी. सामान म्हणजे एक मेज, दोन खुर्च्या, एक बाज. अंथरूण प्रवाशाने आपले आपण आणायचे. आवाराच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर आणि खानसाम्याची खोली. पाहुणा आला असे पाहून खानसामा आवारातली कोंबडी धरायला धावे, आणि घटकाभरात तीच कोंबडी ताटात येई, हा अनुभव त्या काळच्या कितीतरी प्रवाशांनी लिहून ठेवला आहे. ओसरीवर नियमांचा फलक टांगलेला असे, आणि मेजावर हजेरीचे जाड पुस्तक. नाव, हुद्दा, येण्याची आणि जाण्याची वेळ, दिलेले भाडे आणि तक्रार असल्यास तक्रार, असे सारे त्यात प्रत्येकाने स्वहस्ते लिहावयाचे. त्या नियमांतला एक मला फार थोर वाटतो. चोवीस तास राहून झालेल्या प्रवाशाने, नवा प्रवासी आला तर त्याला जागा करून दिली पाहिजे, मग आधीचा कितीही मोठा अधिकारी असो. विसावा हा ज्याला अधिक गरज त्याचा, ही भावना एका रुक्ष सरकारी नियमात इतक्या स्वच्छपणे अन्यत्र क्वचितच आढळेल.

परंतु हा न्याय ज्यांच्यापुरता होता, त्यांचे वर्तुळ लहान होते. मुसाफिर बंगल्याची ओसरी ही मुख्यतः गोऱ्या साहेबाची आणि सरकारी अंमलदाराची. बाजाराला निघालेला उदमी, तीर्थयात्रेची म्हातारी, नोकरीच्या शोधातला पोरगा, यांच्यासाठी छत्र आणि धर्मशाळा हीच काय ती आसरा घेण्याची जागा. या बाबतीत कर्नाटकाची परंपरा अत्यंत उदार आहे. वाटसरूला फुकट निवारा आणि अनेक ठिकाणी अन्नही देणारी छत्रे धनिकांनी, दिवाणांनी आणि राजकुलातील स्त्रियांनी गावोगाव स्थापन केली. बंगळुरात मुख्य रेल्वे स्थानकासमोर गुब्बी तोटदप्पा या व्यापाऱ्याने १८९७ साली आपल्या संपत्तीतून उभी केलेली धर्मशाळा आजही प्रवाशांच्या उपयोगी पडते. एका बाजूला भाडे, हुद्दा आणि हजेरीपुस्तक, दुसऱ्या बाजूला दान, पुण्य आणि मोकळे दार. या दोन धारा पुढे एकत्र याव्यात, आणि शिस्त पहिलीची व आतिथ्य दुसरीचे असा मिलाफ व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. ती काही अंशी फळाला आली, ती लोहमार्गामुळे.

१९१५ च्या सुमारास बंगळुराहून चिक्कबळ्ळापुराकडे अरुंद रुळांची गाडी धावू लागली आणि नंदीच्या नावाचे एक लहानसे दगडी स्थानक बांधले गेले. तोवर घोडा, मेणा किंवा मोटार परवडणाऱ्यांनाच गाठता येणारा डोंगर शाळामास्तरांच्या आणि कारकुनांच्या आवाक्यात आला. गाडीतून उतरावे, भोगनंदीश्वराचे दर्शन घ्यावे, हजाराहून अधिक पायऱ्या चढाव्यात, अमृतसरोवराच्या काठी डबा उघडावा आणि संध्याकाळी परतावे, हा त्या पिढीचा आनंद होता. संस्थानच्या बागायत खात्याने माथ्यावर झाडे वाढवली, वाटा आखल्या, आणि कमिशनरचा बंगला हळूहळू सार्वजनिक पाहुण्यांचा झाला.

त्या डोंगरावरचा सर्वांत मोठा पाहुणा १९२७ साली आला, आणि त्याच्या येण्याची वाट महाराष्ट्रातून गेली होती. मार्च महिन्याच्या अखेरीस खादीच्या दौऱ्यात असताना कोल्हापुरात महात्मा गांधींची प्रकृती एकाएकी बिघडली. रक्तदाब वाढला होता, आणि श्रम थांबवले नाहीत तर प्राणावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले. निपाणी, बेळगाव आणि तेथून सावंतवाडी संस्थानातील आंबोली, असे मुक्काम करीत, नियोजित दौरा तहकूब ठेवून, ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नंदीदुर्गावर आले आणि जूनच्या आरंभापर्यंत तेथे राहिले. सक्तीची विश्रांती घेणे हे त्या पुरुषाला कारावासाहून कठीण होते. तरी सूत कातणे, थोडे चालणे आणि आश्रमीयांना पत्रे लिहिणे, एवढ्यावर त्यांनी ते दिवस काढले. १९३६ च्या मे महिन्यात ते पुन्हा तेथे येऊन राहिले. ज्या डोंगरावर एकेकाळी एका परकीय राजवटीचा सर्वाधिकारी उन्हाळा काढीत असे, त्याच डोंगरावर ती राजवट उलथवणारा मनुष्य पंचा नेसून चरखा चालवीत बसला, आणि तो राहिला त्या वास्तूला आज त्याचेच नाव आहे. नंदीदुर्गाच्या इतिहासात याहून अर्थपूर्ण घटना मला दुसरी दिसत नाही. दुर्गम किल्ला, मग साहेबाचे आरामस्थान, मग एका आजारी लोकनायकाचे विश्रामगृह, असे टप्पे घेत तो डोंगर लोकांच्या हाती आला.

शहराच्या दक्षिणेकडील रानाचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. तेथे वनखात्याचे बंगले होते, आणि त्यांत उतरणारे बहुतेक शिकारी. बंगळुरात दीर्घकाळ राहिलेल्या केनेथ अँडरसनने आपल्या ग्रंथांतून या रानाला जगभर वाचक मिळवून दिले. त्याचा पहिला ग्रंथ १९५४ साली निघाला. कावेरीच्या पात्रातील महासीर मासा हे दुसरे आकर्षण. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा महासीर गळाला लावला, तो आजवरचा विक्रम समजला जातो. स्वातंत्र्यानंतर हा मासा नामशेष झाला, अशी समजूत पसरली होती. १९७७-७८ मध्ये आलेल्या तिघा इंग्रज तरुणांनी तो कावेरीत अजून आहे, हे दाखवून दिले, आणि तेथून या नदीकाठच्या मुक्कामांचा आधुनिक अध्याय सुरू झाला.

१९८० साली कर्नाटक सरकारने नेपाळातील टायगर टॉप्स या संस्थेच्या भागीदारीत जंगल लॉजेस ही कंपनी स्थापन केली. १९८४ मध्ये कबिनीकाठी कारापूर येथे, म्हैसूरच्या महाराजांच्या जुन्या शिकारबंगल्यांत, तिचे पहिले निवासस्थान उघडले, आणि कर्नल जॉन वेकफील्ड यांनी वार्धक्यातही तेथेच राहून त्याला नावारूपाला आणले. तीन वर्षांनी सरकारने भागीदाराचा हिस्साही आपल्याकडे घेतला. बंगळुरापासून सुमारे शंभर किलोमीटरांवरील भीमेश्वरी येथे कावेरीच्या काठी याच कंपनीचे मासेमारीचे शिबिर उभे राहिले. प्रथम तंबू, पुढे ओंडक्यांच्या खोल्या. गळाला लागलेला महासीर वजन करून पुन्हा नदीत सोडायचा, हा तेथील नियम. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, सुरुंगाचा स्फोट करून नदीतले मासे मारणाऱ्या स्थानिक माणसांनाच वाटाडे आणि राखणदार म्हणून चाकरीस घेतले गेले. ज्या हाताने सुरुंग पेटवायचा, त्याच हाताने पाहुण्याला पात्रातील खडक आणि डोह ओळखून द्यायचे, असा पालट घडला. आणि त्या माणसांना मासा जिवंत असण्यात मेल्यापेक्षा अधिक मिळकत दिसू लागताच नदीचा तेवढा पट्टा सांभाळला गेला.

हा भाग अभयारण्यात मोडत असल्याने वन्यजीव कायद्यानुसार चालू शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी तेथील गळाची मासेमारी बंद झाली. कायदा आपल्या जागी योग्य होता. परंतु राखणदारांची रोजी गेली तर राखण कोण करणार, हा प्रश्नही तितकाच खरा होता. कावेरी खोऱ्यातील पाठीवर उंचवटा असलेल्या या महासीराची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. नदीकाठचा मुक्काम हा नदीचा भारही होऊ शकतो आणि पहारेकरीही. तो काय ठरेल, हे स्थानिक माणसाचा त्यात वाटा किती, यावर अवलंबून असते, ही शिकवण भीमेश्वरीने दिली.

आता पाण्याच्या गोष्टीकडे वळू. नंदीच्या परिसरात उगम पावणारी अर्कावती ही बंगळुराला नळाचे पाणी देणारी पहिली नदी. १८९४ साली दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत हेसरघट्ट्याच्या जलाशयातून शहरात पाणी आले. ते अपुरे पडू लागल्यावर १९३३ मध्ये त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. पुढे खोऱ्यातील ओढे बुजले, विंधनविहिरी खोल गेल्या, निलगिरीची लागवड आणि बांधकामे वाढली, आणि अर्कावती आटत गेली. १९७४ पासून शहर शंभर किलोमीटरांवरून, सुमारे पाचशे मीटर उंची चढवून, कावेरीचे पाणी पिऊ लागले. जो बंगळूरकर भीमेश्वरीला कावेरीत पाय सोडून बसतो, तो आपल्या घरच्या नळाच्याच धारेत बसलेला असतो. आणि जो नंदीवर धुके पाहायला जातो, तो आपल्या आजोबांच्या नळाचे उगमस्थान पाहत असतो. शहराची तहान आणि शहराचा विसावा यांची ही सांगड ज्याच्या ध्यानात आली, तो डोंगरउतारावर प्लास्टिकची बाटली फेकू शकणार नाही.

नंदीदुर्गाने १९८६ च्या नोव्हेंबरात सार्क परिषदेसाठी बंगळुरात आलेल्या राष्ट्रप्रमुखांचेही आतिथ्य केले. परंतु तेथवर सुखरूप पोहोचलेल्या डोंगराला पुढच्या काळात गर्दीने जेरीस आणले. सुट्टीच्या पहाटे हजारो वाहने एकाच वेळी वर जाऊ लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये अतिवृष्टीने दरड कोसळून वरचा रस्ताच वाहून गेला, आणि डोंगर काही महिने बंद ठेवावा लागला. उघडल्यावर किती माणसांना वर सोडावे, यावर मर्यादा घालण्याची वेळ आली. दुसऱ्या बाजूने, पायथ्याच्या द्राक्षमळ्यांतून आणि माळांतून खाजगी निवासस्थाने उभी राहिली, ज्यांचे एका रात्रीचे भाडे सामान्य नोकरदाराच्या आठवड्याच्या पगाराला गिळून टाकते. गर्दीने जागा नासावी, किंवा किमतीने ती थोड्यांपुरती राखली जावी, असे दोनच पर्याय समोर असल्यासारखे दिसते.

इतिहास मात्र तिसरा मार्ग दाखवतो, आणि तोच माझ्या या विवेचनाचा निष्कर्ष आहे. मुक्कामाची तयारी म्हणजे खोली राखून ठेवणे नव्हे. ज्या भूमीवर आपण उतरणार, तिची आधी चौकशी करणे होय. मराठ्यांच्या बिनीवाल्याप्रमाणे पाणी किती आहे ते प्रथम पाहावे, आणि जेथे उन्हाळ्यात टँकरने पाणी येते तेथे आंघोळीच्या हौदाची हौस सोडून द्यावी. छत्रातल्या वाटसरूप्रमाणे आपला शिधा बरोबर न्यावा, किंवा त्याच गावच्या चुलीवर शिजलेली नाचणीची मुद्दी आणि सारू पैसे देऊन खावे, म्हणजे गावाला पाहुण्याचा उपयोग होईल. अभयारण्यात जायचे असेल तर परवाना वनखात्याकडूनच घ्यावा; आडवाटेने शेकोटी पेटवायला नेणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये. शक्य असेल त्याने शनिवारची पहाट टाळून आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. सोबत नेलेला केर सोबत परत आणावा.

आणि हे कर्तव्य केवळ प्रवाशाचे नाही. सरकारजवळ बागायत खात्याच्या, वनखात्याच्या आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अशा कितीतरी जुन्या वास्तू या शहराभोवती आहेत, ज्यांची कौले उतरली आहेत आणि ज्यांच्या ओसऱ्यांवर कोणी बसत नाही. त्या दुरुस्त करून, माफक भाड्याने, ठरावीक संख्येला, एका कुटुंबाला सलग दोन रात्रींहून अधिक नाही अशा नियमाने खुल्या कराव्यात. राखणीला आणि स्वयंपाकाला जवळच्या गावातील माणसे नेमावीत. भाड्याचा ठरावीक हिस्सा त्या गावच्या तलावाच्या दुरुस्तीला लावावा. यात अशक्य असे काहीच नाही, कारण यातले प्रत्येक कलम याच मुलखात कधी ना कधी अमलात आलेले आहे: जागेची पारख मराठ्यांच्या तळावर, पाळीचा न्याय मुसाफिर बंगल्यात, मोकळे दार धर्मशाळेत, आणि गावकऱ्याचा वाटा भीमेश्वरीच्या शिबिरात. वेगवेगळ्या काळी सुटी सुटी सिद्ध झालेली ही चार तत्त्वे एका छपराखाली आणण्याचे काम आपल्या पिढीचे आहे, आणि ते आपण केले, तर शाळामास्तराच्या मुलालाही नदीच्या उगमाजवळ एक रात्र हक्काने झोपता येईल, आणि तो उगमही त्याच्या नातवंडांसाठी शिल्लक राहील.